फक्त गाण्यांबद्दल (गणपती बँड, ७ सदस्य)

सी-५०४ ताई: नमस्कार मंडळी. यंदा गणपती १४ सप्टेंबरला. आपल्याला तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ मिळालीय, पाऊण तास. दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. मागच्या वर्षीची पाच गाणी ठेवू, तीन नवी घेऊ. आज रात्रीपर्यंत सुचवा. गुड मॉर्निंगची फुलं इथे नकोत 🙏

बी-४०२ दादा: अश्विनी ये ना! १९८७, गंमत जंमत, किशोरकुमार. अख्खं पटांगण सोबत गाईल.

सी-५०४ ताई: दादा, आपल्या बी विंगमध्ये अश्विनी दोन आहेत. दोघींचे नवरे पहिल्या रांगेत बसतात.

बी-४०२ दादा: मग तर घ्यायलाच पाहिजे 😄

गिटार (डी-३०३): गुलाबी साडी? २०२४चं आहे, सगळ्यांना पाठ आहे.

पेटीवाले काका: बाळा, त्यात मी पेटीवर काय करू? भाता हलवत बसू?

गिटार (डी-३०३): काका, मधले पीस तुम्ही घ्या ना. ओरिजिनलसारखं कशाला वाजवायचं?

कहोन (म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका, बी-२०१): झिंगाट 🔥🔥

ए-१०१ काकू: अरे नको रे बाबा. मागच्या वर्षी दुसऱ्या कडव्यापासून तू असा पळत सुटलास की शब्द तोंडात मावेनात. पोरं स्टेजवर चढली ती वेगळीच.

कहोन (बी-२०१): आजी ते नाचत होते म्हणून मी फास्ट केलं

ए-१०१ काकू: त्यांनी आपल्यामागे नाचायचं, आपण त्यांच्यामागे नाही.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते २ वरची टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे.

सी-५०४ ताई: साहेब, हा बँडचा ग्रुप आहे.

बी-४०२ दादा: मग मन उधाण वाऱ्याचे? अगं बाई अरेच्चा, २००४. आमचं कॉलेज संपतानाचं गाणं. शंकर महादेवन आहेत, पण मी प्रयत्न करीन.

सी-५०४ ताई: त्याच पिक्चरचं मल्हारवारी का नको? ढोलकी, टाळ, सगळ्यांना काम मिळतं.

गिटार (डी-३०३): ते वर कोण गाणार? माझा चुलतभाऊ गाणार होता, पण त्याचा आवाज फुटलाय. परवा 'हॅलो' म्हणाला तर आजोबांना वाटलं बाबा आले.

पेटीवाले काका: म्हणजे मल्हारवारी बाद. मी जरा मुद्द्याचं बोलतो. नवं-जुनं नंतर ठरवा, आधी पट्टी बघा. मागच्या वर्षी सगळं काळी चारला घेतलं. काकूंना वरच्या सुराला खोकला आला, सगळ्यांनी ऐकला.

ए-१०१ काकू: अहो, धूप होता समोर!

पेटीवाले काका: धूप होताच. तरी यंदा काळी तीन घेऊ.

गिटार (डी-३०३): काका एक विचारू? हे काळी चार काय असतं? मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात तेव्हा मी गिटारवर काळं काय शोधत होतो. शेवटी कानाने लावलं.

पेटीवाले काका: 😂 अरे, पेटीवर 'सा'पासून मोज. पांढरी एक म्हणजे तुमचा सी. तिथून चौथी काळी पट्टी.

गिटार (डी-३०३): म्हणजे जी शार्प!! मग काळी तीन एफ शार्प. भारीच की, कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून ई चे कॉर्ड. माझी बोटं वाचली.

पेटीवाले काका: कॅपो म्हणजे तो चिमटा ना?

गिटार (डी-३०३): हो. चिमटा लावला की अख्खी गिटार वर सरकते. पेटीला नसतो का?

पेटीवाले काका: असतो, स्केलचेंजर म्हणतात. पट्ट्याच सरकवायच्या. पण तशी पेटी महाग, माझी साधी आहे. मी बोटंच सरकवतो, पन्नास वर्षं.

सी-५०४ ताई: मग काळी तीनला बसेल असं काय?

ए-१०१ काकू: गोमू संगतीनं घ्या. आशाबाई आणि हेमंतकुमार. १९७६, हा खेळ सावल्यांचा. दादांना किंचाळावं लागणार नाही, मलाही नाही.

बी-४०२ दादा: काकू, तुम्ही गोमू, मी नाखवा? बायको व्हिडिओ काढणार.

कहोन (बी-२०१): ऐकलं आत्ता. छान आहे पण माझा बीट बसतच नाही. एक दोन तीन चार केलं की मागे राहतं

पेटीवाले काका: कारण ते चारात नाहीच. दादरा आहे, सहा मात्रा. धा धिं ना, धा तिं ना. मांडीवर वाजवून बघ.

कहोन (बी-२०१): 🎤 आवाजी संदेश ०:२१

कहोन (बी-२०१): अरे हे तर ६/८ आहे!! आमच्या सरांनी शिकवलंय. मला वाटलं फक्त इंग्लिश गाण्यात असतं

पेटीवाले काका: ऐकलं. पहिला 'धा' जड मार, तिसरा ठोका नुसता बोटांनी. होडी डोलली पाहिजे, डबकन बुडली नाही पाहिजे.

ए-१०१ काकू: एकवीस सेकंदांत सुधारला की पोरगा! आणि गुलाबी साडी घ्या रे, माझी हरकत नाही. मी कोरसला टाळ्या वाजवीन. फक्त शब्द मोठ्या अक्षरात छापून द्या.

सी-५०४ ताई: ठरलं तर. गोमू आणि गुलाबी साडी. तिसरं?

बी-४०२ दादा: अश्विनी 🙋

पेटीवाले काका: जय जय महाराष्ट्र माझा घ्या. शाहीर साबळे.

सी-५०४ ताई: काका, २०२३ला ते राज्यगीत झालंय. लोक उभे राहतात. मध्येच घेतलं तर उठबस आणि खुर्च्यांचा खडखडाट.

ए-१०१ काकू: मग शेवटी घ्या. उठलेच आहेत तर सरळ प्रसादाच्या रांगेत.

सी-५०४ ताई: 👏 पक्कं. दादा, अश्विनी पुढच्या वर्षी. तालीम रविवारी पाच वाजता, क्लबहाउस.

कहोन (बी-२०१): मला क्लास आहे, साडेपाचला चालेल?

पेटीवाले काका: चालेल. तोवर मी आणि गिटार काळी तीन शोधून ठेवतो.

सेक्रेटरी: टाकी उद्याऐवजी रविवारी धुणार. कामगार क्लबहाउसमध्ये जेवतील.

सी-५०४ ताई: साहेब!!!