टिंब आणि ऱ्या: एक ऐकू येत नाही म्हणून सुटतं, दुसरं टंकताना चुकतं

मराठी लिहिताना दोन प्रश्न पडतात: ‘मुलांना’वरचं टिंब कधी द्यायचं, आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ का दिसतो. दोन्हीत अर्थ बदलतो, म्हणून हे थोडं.

टिंब सामान्यरूपातलं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यातलं, अनेकवचन दाखवतं. ‘मुलाचे कपडे’ एका मुलाचे, ‘मुलांचे कपडे’ अनेकांचे. बोलताना तो अनुनासिक जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून लिहिताना सुटतो. शंका आली की त्या जागी ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’ घालून बघा. ‘त्यांचे’ बसलं तर टिंब हवंच. आदरार्थीही तेच: व्यक्ती एक असली तरी ‘डॉक्टरांनी तपासलं’, ‘सरांना सांगितलं’. टिंबाशिवाय ‘सरानी’ हे ना एकवचन ना अनेकवचन.

आता ऱ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. उच्चारात ‘आचार्य’मध्ये र-च्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, ‘आचारी’च्या रूपात येत नाही, कान इथे खात्रीने मदत करतो. चूक बहुतेकदा टंकताना होते: साधा र, हलन्त, य दिलं की रफारच उमटतो. ‘ऱ्या’साठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य.