महिन्याला दीड हजार बाजूला पडतात, त्यात सिंगल माल्टची सुरुवात कशी करावी? (कोल्हापूर)

शिरोलीचा_मोल्डर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, वय ३४. पिणं बेताचं. शनिवारी रात्री दोन पेग, तेही सोड्यात, आपली नेहमीची इंग्लिश. मे महिन्यात मावसभाऊ दुबईहून सुट्टीला आला, त्यानं ग्लेनमोरांजी १० वर्षांची आणली होती. त्यानं सोडा घालूच दिला नाही. पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं नाही, हेच मला नवल वाटलं. संत्र्याची साल नखानं सोलताना बारीक फवारा उडतो बघा, तसा वास. दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभा असतानाही तोच वास आठवत होता.

आता हे नीट शिकायचं मनात आहे. महिन्याला फार तर दीड हजार बाजूला टाकता येतात, घर आणि पोरांची फी बघून. दुकानात विचारलं तर मालक म्हणाला, "ही घ्या, ही पण स्कॉचच आहे," आणि निम्म्याहून कमी भावाची बाटली पुढं केली. ती आणि ही एकच का? १२ वर्षं आणि १५ वर्षं यात खरंच तेवढा फरक असतो का? गोव्याहून आणली तर स्वस्त पडेल असं सगळे सांगतात. जाणकारांनी सांगावं.

गंगावेस_कट्टा

भावा, डोळे झाकून ग्लेनफिडिच १२ घे. बहुतेक मोठ्या दुकानात मिळते, नाशपातीसारखी गोडसर आहे, पहिल्यांदा घेणाऱ्याला त्रास देत नाही. बाकीचं नंतर.

डिस्टिलरीतले_काका

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला काढली. तू शनिवारी काय पितोस ते आधी सांगतो, म्हणजे दुकानदारानं पुढं केलेल्या बाटलीचं उत्तर तुझं तुलाच मिळेल.

आमच्याकडं मळी यायची. ती पातळ करायची, यीस्ट सोडायचं, आंबली की उंच कॉलममधून अशी काढायची की ९६ टक्क्यांच्या जवळपास स्पिरिट हाती यावं. आमचं सगळं कसब एकाच गोष्टीत होतं, त्यात कसलाही वास राहू द्यायचा नाही. मी रोज सकाळी नमुन्यात पाणी घालून, दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायचो. मळीचा किंचित जरी वास लागला तरी टाकी अडवून धरायचो. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की अशाच स्पिरिटवर उभी असते, चव आणि रंग तिला मागाहून मिळतात.

सिंगल माल्टमध्ये उलटं. तिथं वास राखायचा असतो. लहानपणी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून सत्त्व केलेलं खाल्लं असशील. माल्ट म्हणजे तेच, फक्त धान्य सातूच्या जातीचं, बार्ली. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते. मग मोड तिथंच थांबवून भट्टीत वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात गोडवा उतरवतात, आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यातून सहसा दोनदा गाळतात. धार ७० टक्क्यांच्या आसपास निघते. आपल्याकडं 'पहिल्या धारेची' म्हणजे जोरदार असं कौतुकानं म्हणतात. तिथं पहिली धार आणि शेवटची धार दोन्ही बाजूला काढतात, पिंपात जाते ती मधली. ती कुठं धरायची आणि कुठं सोडायची, यात त्या कारखान्याची चव असते. मला तर या एका गोष्टीसाठी त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो, कारण मी आयुष्यभर नेमकं याच्या उलट काम केलं.

स्कॉचचा नियम असा की ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं मुरायला हवी आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के असायला हवं. 'सिंगल' म्हणजे एका डिस्टिलरीची. एकाच पिंपातली असा अर्थ नाही, त्याच डिस्टिलरीची बरीच पिंपं त्यात मिसळलेली असतात. दुकानदारानं दाखवलेली बाटली बहुधा ब्लेंडेड असणार. म्हणजे माल्टबरोबर गहू-मक्यासारख्या धान्याची कॉलममधून काढलेली व्हिस्की. तीही स्कॉचच, मालक खोटं बोलला नाही. पण १०० पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक डॉग या मोठ्या प्रमाणात आणून आपल्या देशात बाटलीत भरतात, म्हणून भावात फरक. सिंगल माल्ट स्कॉच २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. लेबल उलटून बघायची सवय लाव. 'सिंगल माल्ट' हे दोन्ही शब्द एकत्र दिसले पाहिजेत. नुसतं 'माल्ट' किंवा 'ब्लेंडेड माल्ट' असेल तर गोष्ट वेगळी. मंकी शोल्डर ही ब्लेंडेड माल्ट आहे, म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्टचं मिश्रण. वाईट नाही, पण एका घरची नाही.

आता पैशाचं. दीड हजारात एकट्यानं स्वस्त बाटली शोधत बसू नकोस. भिशी कर. आम्ही चौघे निवृत्त लोक २०१६ पासून करतोय. चौघांचे दीड-दीड हजार म्हणजे सहा हजार. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. एक पेग २४० रुपयांना पडला आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा आले. सहा शनिवार झाले की नाही? दोन महिन्यांनी एक बाटली काढलीस तर महिन्याला साडेसातशेच बाजूला टाकावे लागतील, आणि वर्षात सहा डिस्टिलऱ्या तुझ्या जिभेला ओळखीच्या होतील. सगळ्यांचे परवाने काढून घ्या, आपल्या राज्यात पिण्याचा परवाना लागतो आणि तो काढायला फारसे पैसे पडत नाहीत.

पहिली कोणती? तुला संत्र्याची साल आवडली, तर ग्लेनमोरांजीचीच मिळाली तर बघ. आता त्या बाटलीवर १० ऐवजी १२ दिसेल, गोंधळू नकोस. त्यांची गाळायची भांडी पाच मीटरच्या वर उंच आहेत, स्कॉटलंडमधली सगळ्यांत उंच. जड वाफ वर चढताना थकून खाली पडते, हलकी तेवढी पलीकडं जाते, म्हणून ती इतकी नाजूक लागते. ती नाही मिळाली तर ग्लेनलिवेट १२. जॉर्ज स्मिथनं १८२४ मध्ये त्या खोऱ्यात पहिला अधिकृत परवाना घेतला. आजूबाजूचे चोरून गाळणारे त्याच्यावर खवळले, तो पिस्तुलं बाळगून हिंडायचा म्हणतात. गंगावेसवाल्यांची ग्लेनफिडिचही चांगलीच सुरुवात आहे.

पिण्याची रीत मात्र मनावर घे, कारण अर्धे पैसे तिथंच वसूल होतात. बुडाला फुगीर आणि तोंडाला निमुळता असा कुठलाही छोटा काचेचा ग्लास घे. २० मिली ओत आणि दहा मिनिटं तसाच ठेव, मोबाईल लांब. मग नाक ग्लासाच्या काठावर आण, आत खुपसू नकोस, तोंड किंचित उघडं ठेव, नाहीतर नुसतं स्पिरिट झोंबतं. पहिला घोट पाण्याशिवाय, अगदी थेंबभर, जिभेवर फिरवून गिळ. मग चमच्यानं साधं पाणी चार-पाच थेंब घाल आणि परत हुंग. वास उघडतो. आमच्यातल्या एकानं पहिल्या वेळी पाण्याचे थेंब पडल्यावर ग्लास हुंगला आणि म्हणाला, "अरे, हे तर गुऱ्हाळात काकवी उतरवतात तेव्हाचं आहे." दोन मिनिटं कुणी बोललं नाही. खरंच तसंच होतं. बर्फ नको. गारठ्यात वास निजतो.

आणि जेवणाआधी घे, जेवताना नको. तांबडा रस्सा एकदा जिभेवरून गेला की तिथं स्कॉटलंडला जागा राहत नाही. चकणा म्हणून बिनमिठाचे फुटाणे किंवा पाव पुरे.

शिरोलीचा_मोल्डर

काका, तुमचा मेसेज तीन वेळा वाचला. नाचणीच्या सत्त्वाचं आईला सांगितलं, तिला पटलं. दोन गोष्टी राहिल्या. वयाचा आकडा किती महत्त्वाचा? आणि धुराची व्हिस्की म्हणतात ती आत्ताच घ्यावी का?

डिस्टिलरीतले_काका

आकडा म्हणजे बाटलीतल्या सगळ्यांत तरुण पिंपाचं वय. १२ लिहिलं तर आतलं सगळं किमान १२ वर्षांचं, काही त्याहून जुनंही असेल. पण जुनं म्हणजे चांगलं असं नाही. पिंप कसलं होतं ते जास्त बोलतं. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दरवेळी कोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मुबलक मिळतात. त्यातून व्हॅनिला आणि नारळासारखं येतं. स्पेनच्या शेरी वाईनचं पिंप असेल तर मनुका, खजूर, सुकं अंजीर. १५ वर्षांसाठी जास्त मोजण्यापेक्षा त्याच पैशांत वेगळ्या पिंपाची दुसरी १२ वर्षांची घे. रंगावरून तर काहीच ठरवू नकोस, त्यात साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

अल्कोहोलचे टक्केही बघ. ४६ किंवा वर असेल तर बहुधा थंड करून फिल्टर केलेली नसते, म्हणजे तिच्यातलं तेल काढून टाकलेलं नसतं. पाणी घातल्यावर जरा गढूळ झाली तर घाबरू नकोस, तेल अजून आत आहे एवढंच.

रंकाळ्याकाठी

मी इथली एकटीच बाई दिसतेय. पेशानं दंतवैद्य, नवऱ्यापेक्षा व्हिस्कीची आवड मलाच जास्त. धुराचं उत्तर मी देते.

धूर येतो तो पीटचा. दलदलीत वर्षानुवर्षं साचून अर्धवट कुजलेली झाडझाडोऱ्याची माती. ती कापून, वाळवून मोड आलेल्या बार्लीखाली जाळतात आणि धूर दाण्याला चिकटतो. आयला बेटावरची आर्डबेग, लाफ्रोएग यात तो जबरदस्त असतो. लाफ्रोएग पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीनच आठवलं. मला ते फार आवडतं, पण पहिली बाटली म्हणून चौघांच्या पैशांत घेऊ नका. चौघांपैकी तिघांना नाही आवडली तर भिशीच मोडेल. मधला रस्ता म्हणजे स्काय बेटाची टॅलिस्कर १०. धूर, समुद्राचं मीठ आणि शेवटी मिरी. ती ४५.८ टक्के असते, म्हणून पाणी जरा जास्त लागतं. घेण्याआधी कुठं छोटी ५० मिलीची बाटली मिळाली तर तेवढीच घेऊन बघा, मी अशाच गोळा केल्या.

काकांशी एका बाबतीत पटत नाही. तांबड्या रश्श्याबरोबर नाहीच, कबूल. पण सुकं मटण, तिखट बेताचं ठेवलेलं, आणि टॅलिस्कर हे मला या शहरातलं सगळ्यांत सुंदर जेवण वाटतं. एकदा करून बघा आणि मग सांगा.

गंगावेस_कट्टा

गोव्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. तिथली दारू इकडं परस्पर आणणं गुन्हा आहे, आणि आंबोली काय, फोंडा घाट काय, कधीही गाडी तपासली जाऊ शकते. गाडीही जाते. मावसभाऊ परत आला तर विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधून माणशी २ लिटरपर्यंत आणता येते, ते रीतसर.

आणि ओळखीतून येणारी 'आर्मीची', 'ड्यूटी फ्रीची' बाटली घेऊ नका. मी तीन वर्षांपूर्वी घेतली होती. बूच सैल होतं, पण ओळखीचा माणूस म्हणून बोललो नाही. ग्लासात ओतली तर कुठलाच वास नाही, घशात नुसती जळजळ. साडेतीन हजार गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांच्या साठीला त्यांच्या हातात मी ती दिली होती. दुकानातूनच घ्या, बिल घ्या, सील बघा. रिकामी बाटली भंगारात द्यायच्या आधी लेबल खरवडून काढा, कारण त्याच बाटल्या परत भरल्या जातात.

डिस्टिलरीतले_काका

गंगावेस, वाचून वाईट वाटलं. बाबांना एकदा आमच्या बैठकीला घेऊन या, मनापासून सांगतो.

मोल्डर, बाटली उभी ठेवायची, वाईनसारखी आडवी नाही. मी एक बाटली वर्षभर कपाटात आडवी ठेवली होती, उघडताना बूच हातात भुगा होऊन आलं आणि चहाच्या गाळणीनं गाळून प्यावी लागली. आणि अर्ध्याहून खाली गेली की फार महिने लांबवू नका, बाटलीत हवा वाढते तसा वास उतरतो.

शिरोलीचा_मोल्डर

तिघं तयार झाले. एक माझ्याच शॉपमधला, एक मेहुणा, एक शेजारचे सर. परवान्याचे अर्ज भरलेत. राजारामपुरीत दोन दुकानांत विचारलं, ग्लेनमोरांजी नव्हती, ग्लेनलिवेट १२ ठरली. पहिली बैठक पुढच्या शनिवारी सरांच्या गच्चीवर, जेवणाआधी, फुटाण्यांवर. टॅलिस्करचं रंकाळ्याकाठी ताईंनी सांगितलंय ते दुसऱ्या बाटलीला. त्या दिवशी मटण मेहुण्याकडं आहे, तिखट कमी टाकायला त्याला आत्तापासून सांगून ठेवलंय.