काकांची पदकं, फोटो आणि आवाज

*ब-२०४:* सोसायटीतल्या सगळ्यांना विचारते, रविवारच्या स्मरणसभेत बाबांची फौजेतली पदकं आणि फोटो मांडायचेत. पदकं काळी पडलीत. पितळेच्या पॉलिशने घासू का? जीवनपटाचं एक पानही लिहायचंय.

*अ-५०१:* ताई, पॉलिश अजिबात नको! त्यात बारीक घासणारी पूड असते, दर वेळी धातूचा पातळ थर जातो. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असलं तर आधी तेच पुसट होतं आणि पदक कुणाचं याची खूणच जाते. मुलामा दिलेलं असेल तर तो पार निघतो. काळपटपणाने बिघडत काही नाही, राहू द्या. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, हातमोजे घालून. बोटांच्या घामाचे ठसे काही दिवसांनी धातूवर उमटतात. फिकट हिरवी भुकटी दिसली तर मात्र ते पदक बाजूला, कोरड्या जागी ठेवा.

*अ-५०१:* आणि पदकाची रंगीत कापडी फीत धुवू नका, एका पट्ट्याचा रंग दुसऱ्यात उतरतो. पदकं ज्या पट्टीवर ओळीने लावलीत तिच्यावरून काही सोडवायच्या आधी फोटो काढा. क्रम ठरलेला असतो, सगळ्यात मानाचं पदक बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

*क-१०३:* फ्रेमच्या पेटीत लोकरीचं कापड अंथरू नका, लोकरीतल्या गंधकाने चांदी काळवंडते. धुतलेलं पांढरं सुती कापड घ्या. डिंक नको, सुती दोऱ्याने दोन टाके पुरतात. काच पदकाला टेकता कामा नये.

*ब-२०४:* फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. ओढले की वाकतात.

*अ-२०२:* ओढू नकोस गं. दातांत फिरवायचा फ्लॉसचा दोरा घे, कोपऱ्याखाली सरकव आणि करवतीसारखा हळू चालव. एखादा फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटला असेल तर सोडवायच्या फंदात पडू नकोस, काचेसकट स्कॅन कर. स्कॅनची बारकाई (डीपीआय) पोस्टकार्ड आकाराला ६००, पासपोर्टएवढ्याला १२०० ठेव. टिफ प्रकारची मोठी फाइल जपून ठेव, जेपेग ही छोटी फाइल वाटायला. मागची बाजूही स्कॅन कर, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच सापडते. नावं मऊ पेन्सिलीने लिही, बॉलपेनचा दाब पुढून दिसतो.

*क-१०३:* पत्रं असतील तर लॅमिनेशन करू नका, मागाहून काढता येत नाही.

*ब-३०१:* जीवनपटाबद्दल. शूर, प्रेमळ, कर्तव्यदक्ष हे शब्द कुणालाही चालतात, म्हणून कुणाचेच नसतात. सेवेच्या कागदांवरून भरतीची तारीख, तुकडी, बढत्या उतरवून घ्या. चुका ठरलेल्या असतात. बटालियन आणि ती ज्या रेजिमेंटचा भाग असते ती रेजिमेंट यांची गल्लत होते. निवृत्तीच्या वेळचा हुद्दा तरुणपणच्या प्रसंगाला चिकटवला जातो. दीर्घ सेवेचं पदक 'शौर्यपदक' म्हणून छापलं जातं, आणि सभेला आलेले त्यांचे जुने सहकारी ते पहिल्या नजरेत ओळखतात. लढाईच्या वर्षी सेवेत असणं आणि त्या आघाडीवर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. कागद नसेल तर 'त्या काळात सेवेत होते' एवढंच लिहा.

*ब-३०१:* पण पानभर फौजच नको. वर्दी उतरवल्यानंतरची वर्षंही मोजा, बऱ्याचदा तीच जास्त भरतात.

*ब-२०४:* त्यांच्या हत्यारपेटीत स्क्रूच्या छोट्या डब्या आहेत, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात माप लिहिलेलं. तसलं काही मांडावं का?

*ब-३०१:* तेच मांडा! पदकांच्या शेजारी. 'घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करायचे' या वाक्यापेक्षा ती डबी जास्त बोलेल.

*ड-४०२:* एक घाईचं. काकांचं सिम इतक्यात बंद करू नका. व्हॉट्सॲप खातं १२० दिवस वापरलं नाही तर सहसा आपोआप डिलीट होतं. त्यांच्या फोनवरून घरच्यांसोबतचे चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा. व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या ऑडिओ फाइलमध्ये येतात. त्या मूळ स्वरूपात ठेवा, ऐकायला एमपी३ वेगळी करा. एक प्रत लॅपटॉपवर, एक घराबाहेर कुणाकडे तरी. ज्यांना त्यांचे मेसेज आलेत त्यांनी आपल्या फोनमधले मीडिया फोल्डर साफ करू नका, प्लीज.

*अ-५०१:* रविवारी पदकांवर काचेचं झाकण हवं. लहान मुलं फीत धरून उचलतात आणि जुनी शिवण तिथेच उसवते. माझ्याकडे एक आहे, संध्याकाळी घेऊन जा.

*ब-२०४:* येते सातला. पॉलिशची डबी परत माळ्यावर टाकली.