गस फ्रिंग जास्त घाबरवतो

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतला सगळ्यात भीतीदायक खलनायक म्हणजे अमली पदार्थांचा धंदेवाला टुको सालामांका, असं काही जण म्हणतात. टुको भयंकर आहेच. पण तो पिसाळलेला. समोर आला की पळायचं, एवढं कुणालाही कळतं. त्याच मालिकेतला, त्याच धंद्यातला बडा माणूस गस फ्रिंग. त्याच्यापासून पळायचं हे कळणार कसं? तो अल्बुकर्कीत चिकनचं रेस्टॉरंट चालवतो, गिऱ्हाइकांची आपुलकीनं चौकशी करतो आणि अमली पदार्थविरोधी खात्याच्या धावण्याच्या कार्यक्रमाला पैसेही देतो!

चौथ्या सीझनचा पहिला भाग (२०११) आठवा. मालिकेचा नायक, गससाठी अमली पदार्थ बनवणारा वॉल्टर जीव वाचवायला अखंड बडबडतोय आणि गस चकार शब्द न काढता कोट उतरवून संरक्षक कपडे चढवतोय. मग बॉक्स कटरनं गळा चिरतो तो स्वतःच्याच माणसाचा. त्यानंतर हात धुणं, परत कपडे बदलणं, सगळं सावकाश. निघताना फक्त कामाला लागा म्हणतो. खुनापेक्षा ते कपडे बदलणंच जास्त अंगावर येतं. लेखकांनी एवढी शांतता दिली खरी, पण ती पेलणारा, गसची भूमिका करणारा जियानकार्लो एस्पोझितो नसता तर प्रसंग कंटाळवाणा झाला असता. हसू चेहऱ्यावर तसंच, डोळे मात्र विझलेले. हे कुणी शिकवत नाही.

'ब्रेकिंग बॅड'च्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या 'बेटर कॉल सॉल' मालिकेत मात्र गसला जरा जास्तच दाखवलाय. त्याचं घर, भुयार, पहारे बघितल्यावर माझी तरी भीती थोडी उतरली. त्याचा शत्रू लालो सालामांका तिथे जास्त भाव खाऊन जातो.