मदत हवी आहे: डेटा फुटला तर घड्याळ कधीपासून लावायचं?

नमस्कार मंडळी,

आमची छोटी कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवते. गिऱ्हाईक भारतातलं, थोडं युरोपातलं. ‘डेटा फुटला तर कोणी काय करायचं’ हा कागद तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. अजून काही फुटलेलं नाही, तोवरच विचारून घेतो.

जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा-संरक्षण कायदा, त्यातल्या त्यात सोपा. कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगायचं. लोकांना धोका संभवत नसेल तर आपल्या दफ्तरी नोंद पुरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ही मुदत ९६ तास करावी आणि मोठ्या धोक्याच्या घटनाच कळवाव्यात, असं सुचवलंय. पण तो अजून प्रस्ताव, म्हणून कागदात ७२ च लिहितोय.

गाडं अडलंय ते डीपीडीपीपाशी, म्हणजे भारताच्या डेटा-संरक्षण कायद्यापाशी. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. इथेही ७२ तास आहेत, पण ते सविस्तर माहितीसाठी. पहिली खबर डेटा संरक्षण मंडळालाही आणि ज्यांचा डेटा आहे त्यांनाही विनाविलंब द्यायची. धोका कमी की जास्त ही चाळणीच नाही! शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच: घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं.

समजा कुणाचा लॅपटॉप चोरीला गेला. डिस्क एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी), बॅकअप शाबूत. हा डेटाचा भंग धरायचा का? धरला तर दर चोरीला सगळ्या रुग्णांना मेसेज? लोक असले मेसेज वाचणंच सोडतील. नाही धरला, तर न कळवल्याचा दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

दुसरं, आम्ही नुसते प्रोसेसर, म्हणजे दवाखान्यांच्या वतीने डेटा हाताळणारे. घड्याळ आम्हाला कळल्यापासून की दवाखान्याला कळल्यापासून?

प्रतिसाद:
दुसऱ्याचं आधी सांगते. डीपीडीपीत कळवण्याची जबाबदारी डेटा फिड्युशिअरीची, म्हणजे दवाखान्याची. तुम्हाला बांधतो तो करार, त्यामुळे ‘तात्काळ’ वगैरे न लिहिता करारात तासांचा आकडा घाला. जीडीपीआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसारही प्रोसेसरने सांगितलं की कंट्रोलरला, म्हणजे दवाखान्याला, ‘कळलं’ असं धरतात. मात्र सर्ट-इनचे ६ तास दवाखान्यावर ढकलता येणार नाहीत, ते निर्देश कंपन्यांना थेट लागू आहेत.

लॅपटॉपचं म्हणाल तर व्याख्या नीट वाचा. गोपनीयता, अखंडता किंवा उपलब्धता यांना बाधा आली तरच भंग. एन्क्रिप्शनची किल्ली सुरक्षित आणि बॅकअप जागेवर असेल तर बाधा आली नाही, असं म्हणायला जागा आहे. माझं मत हेच, पण मंडळ ते मान्य करेल असं गृहीत धरू नका. चोरीच्या वेळी मशीन बंद होतं का, डिस्क खरंच एन्क्रिप्टेड होती का, याचा पुरावा हाताशी हवा. लॉग वर्षभर जपायला नियमांनीच सांगितलंय. वकिलाला दाखवायचा कागद तोच.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई, कराराचा मुद्दा लगेच घेतो. पण ‘मशीन बंद’ म्हणजे पूर्ण बंद ना? आमच्याकडे बहुतेक जण नुसतं झाकण मिटतात, आणि स्लीपमध्ये किल्ली मेमरीतच राहते. अशा चोरीत सरळ भंग धरून कळवायचं, असं लिहू का?