लिनक्सवर थेट चालणाऱ्या प्लगइनची मागणी निर्मात्यांकडे कोणत्या शब्दांत करावी?

प्रश्न : पूर्वभाग_ध्वनिमुद्रण

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात माझी ध्वनिमुद्रणाची एक लहान खोली आहे. भजनी मंडळे, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास सिद्धेश्वराची पदे आणि अधूनमधून कन्नड व तेलुगू भक्तिगीते, एवढेच काम तेथे चालते. पलीकडच्या गल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून आत येतो, त्यामुळे गोंगाट कमी करणारे प्लगइन (मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) ही माझ्यासाठी चैन नसून रोजची गरज आहे. माझ्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यावर मी लिनक्सकडे वळलो. रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर आणि माइक संगणकाला जोडणारा ध्वनी इंटरफेस दोन्ही तेथे विनातक्रार चालतात. अडले आहे ते पैसे मोजून घेतलेल्या प्लगइनपाशी. त्यांपैकी दोन, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारे वाईन आणि त्यातील प्लगइन रीपरला जोडून देणारे यॅब्रिज यांच्या आधाराने चालतात, तर तिसऱ्याचे परवाना तपासणारे सॉफ्टवेअरच उघडत नाही.

गेल्या महिन्यात मंडळ समोर बसलेले असताना, पखवाज लावून झाल्यावर, चालणाऱ्या दोनपैकी एकाच्या खिडकीत बटण एकीकडे दिसू लागले आणि माउसची टिचकी भलतीकडे लागू लागली. पेटीवाले काका शांतपणे म्हणाले, "तोवर चहा सांगा." तिसऱ्या प्लगइनच्या निर्मात्यास लिहिले, तेव्हा "ही प्रणाली आमच्या आधारात येत नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. अशी मागणी करण्यात काही अर्थ आहे का, आणि असल्यास ती नेमकी कशी करावी?

उत्तर : विजापूररोड_ते_पुणे

मी मूळचा सोलापूरचाच असून सध्या पुण्यात ध्वनीविषयक सॉफ्टवेअर लिहितो. आधी टिचकीचे पाहू. वाईनच्या ९.२२ आवृत्तीपासून खिडक्या हाताळण्याची पद्धत बदलली आणि यॅब्रिज ५.१ वापरणाऱ्यांना नेमका हाच त्रास होऊ लागला. म्हणून अनेक जण ९.२१ वरच थांबले. आपणही तेथेच थांबावे आणि ते पॅकेज आपोआप अद्ययावत होणार नाही अशी सोय करून ठेवावी.

आता मागणीविषयी. प्लगइनच्या स्वरूपाची अडचण आता राहिलेली नाही. व्हीएसटी३ या रूढ स्वरूपाच्या विकास-संचात लिनक्सचा आधार २०१७ पासून आहे, आणि यू-ही व बिटविग या कंपन्यांनी २०२२ मध्ये पुढे आणलेले क्लॅप हे स्वरूप तर मुक्त परवान्याचेच आहे. ज्यूससारख्या, प्लगइन लिहिण्यासाठीच्या तयार चौकटीत लिहिलेल्या प्लगइनचे ध्वनीचे गणित तिन्ही प्रणालींवर जवळजवळ तसेच्या तसे संकलित होते. खिडक्या आणि चित्रे यांवर थोडे अधिक कष्ट पडतात, इतकेच. खरी अडचण कुलपाची, म्हणजे परवाना तपासणाऱ्या व्यवस्थेची आहे. पुष्कळ कंपन्या परवान्यासाठी आयलॉकवर विसंबून असतात आणि आयलॉक लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे प्लगइन तयार करण्याआधी त्या कंपनीला कुलूपच बदलावे लागेल. तिला कितीही आर्जवाने लिहिले तरी उत्तर एका ओळीचेच येणार. आपल्या तिसऱ्या प्लगइनचे दुखणेही मला याच जातीचे वाटते.

याउलट, ज्यांचा परवाना अनुक्रमांकावर किंवा एखाद्या फाइलवर चालतो अशा लहान निर्मात्यांना लिहावे. यू-ही आणि पियानोटेक हे पियानोचे प्लगइन बनवणारी मोडार्ट यांनी लिनक्ससाठी थेट आवृत्त्या दिलेल्याच आहेत. "लिनक्सला आधार द्या" असे मोघम लिहू नये, कारण ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पन्नास वितरणे (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) आणि त्या प्रत्येकाची तक्रार उभी राहते. त्याऐवजी, एकाच वितरणावर तपासलेली व्हीएसटी३ किंवा क्लॅप आवृत्ती पुरेशी आहे, मदत-कक्षाची अपेक्षा नाही आणि चाचणी करून अहवाल देण्याची आपली तयारी आहे, असे स्पष्ट लिहावे. आपण त्यांचे कोणते प्लगइन विकत घेतले आहे हेही अवश्य कळवावे. गिऱ्हाइकाच्या पत्राचे वजन वेगळे असते.

उत्तर : रंगमंच_साऊंड

मी हुतात्मा स्मृती मंदिरातील कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था देतो, म्हणून स्पष्टच लिहितो. पत्र अवश्य पाठवा, पण उत्तराची वाट पाहत काम थांबवू नका. संगणकात जुन्या विंडोजची दुसरी डिस्क ठेवा, तिला इंटरनेट जोडू नका, आणि ज्या ट्रॅकला ते प्लगइन लागते तेवढाच ट्रॅक तेथे प्रक्रिया करून वेव्ह फाइल म्हणून परत आणा. गाणे कोणत्या प्रणालीवर तयार झाले, असे मला आजवर एकाही मंडळाने विचारलेले नाही. परवाना ठरावीक काळाने इंटरनेटवरून तपासला जात असेल, तर मात्र हा उपाय चालणार नाही.

उत्तर : अक्कलकोटची_गायिका

दादा, गोंगाटासाठी एलव्ही२ स्वरूपातील नॉइज रिपेलंट हे मुक्त प्लगइन लिनक्सवर थेट चालते. गाणे सुरू होण्यापूर्वी रिकाम्या खोलीचा आवाज त्याला ऐकवला की त्यावरून ते वजाबाकी करते. पंख्याची किंवा मोटरची सलग घरघर याने चांगली जाते. मागाच्या धोट्याचा ठोका मात्र क्षणिक असल्याने तो या पद्धतीने निघत नाही, आणि जोर लावला तर गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. खालची घुमणारी थरथर काढण्यासाठी ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारी गाळणी) लावावा, पण तो केवळ गळ्याच्या ट्रॅकवर. पखवाजावर लावल्यास धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) सारा भरदारपणाच निघून जाईल.

प्रश्नकर्ता : पूर्वभाग_ध्वनिमुद्रण

सर्वांचा आभारी आहे. वाईन ९.२१ वर परत नेल्यावर टिचकी जागेवर आली. दुसरी डिस्क लावून पाहिली. तिसरे प्लगइन तेथे इंटरनेटशिवाय उघडते, त्यामुळे तूर्त काम भागते आहे. नॉइज रिपेलंटने घरघर बरीच कमी झाली आणि ठोके ताईंनी म्हटल्याप्रमाणे तसेच राहिले. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या कारखानदारांना माग कधी बंद असतात ते विचारून मुद्रणाची वेळ ठरवली आहे. आयलॉकवर विसंबलेल्या कंपनीस पुन्हा लिहिलेले नाही. दुसऱ्या प्लगइनचा निर्माता लहान असून त्याचा परवाना फाइलवर चालतो. त्याला काल रात्री, एकाच वितरणाचे नाव देऊन आणि चाचणीची तयारी दर्शवून, पत्र पाठवले. आज सकाळी त्याने उलट एवढेच विचारले आहे की, मी व्हीएसटी३ वापरणार की क्लॅप. रीपर दोन्ही उघडते, तेव्हा यांपैकी कोणते मागावे, हे विजापूररोडवाल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर : विजापूररोड_ते_पुणे

त्याचे विंडोजवरील प्लगइन व्हीएसटी३ असेल, तर तेच मागा. त्याचे काम सर्वांत कमी वाढेल, आणि नाव व ओळख-क्रमांक त्याने तेच ठेवले, तर आपले जुने प्रकल्पही त्याच मांडणीसह उघडतील.