ब्रेक धरतो, चिकटतो की सोडत नाही?

प्रश्न : जुन्या गाड्यांच्या देखभालीवर मराठीत टिपण लिहितोय. पेडलवरून पाय काढला तरी ब्रेक थोडा लागूनच राहतो, चाक तापतं, याला काय म्हणावं? 'ब्रेक धरतो' असं लिहिलं, तर वडील म्हणाले, "मग चांगलंच आहे की!"

उत्तर १ : वडिलांचं बरोबर आहे. 'ब्रेक मस्त धरतो' ही तारीफ आणि 'धरत नाही' ही तक्रार. 'ब्रेक जाम झाला' म्हणा, सगळ्यांना कळतं. संस्कृत प्रतिशब्दाच्या मागे लागू नका. ब्रेकला 'गतिरोधक' म्हणायला जावं, तर तो आधीच रस्त्यावर आडवा पडलाय.

उत्तर २ : 'जाम' कळतं, पण त्यातून दोष कळत नाही. मी गॅरेजात काम करतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली, की मागचे लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, गंजाने धरतात आणि गाडी हलवली की टक्कन सुटतात. ते 'चिकटणं'. तुमचं दुखणं वेगळं आहे. त्याला आम्ही 'ब्रेक सोडत नाही' म्हणतो.

मारुती ८०० घ्या, पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती), मागे ड्रम. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा. ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर कॅलिपरचा (डिस्कला चिमटणाऱ्या भागाचा) निपल, म्हणजे ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू, पान्याने जरासा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलाय. निपल सोडूनही जडच राहिलं, तर पिस्टन (आतला दट्ट्या) गंजलाय किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकल्यात.

दाब अडकला असेल तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबा, सोडा, आणि आता मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) त्या चाकाची नळी सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा, किंवा पेडलच्या रॉडला प्लेच (थोडी मोकळी हालचाल) ठेवलेला नाही. नाही सुटलं तर बहुधा रबरी होज (चाकाकडे जाणारी लवचीक नळी). बाहेरून नवी दिसते, पण आतून फुगलेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत यायला मात्र तेवढा जोर नसतो. शेवटी नळ्यांतली एअर काढायला विसरू नका, आणि ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो.

प्रश्नकर्ता : 'सोडत नाही' पक्कं! मग 'गाडी ओढते' हे त्यातच येतं का?

उत्तर २ : एकाच बाजूचा ब्रेक सोडत नसेल तर गाडी त्या बाजूला ओढते, हे खरं. पण 'ओढत नाही' लिहिताना जपून. चढावर गाडी ओढत नाही म्हटलं की बोट इंजिनाकडेच जातं. प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाले, तरी गाडी जडच. सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकल्यावर ती पटकन थांबत असेल, तर आधी चाकांजवळ हात नेऊन बघा. रिमला लावू नका, भाजेल.

उत्तर १ : मागचं चाक तापत असेल तर हँडब्रेकची केबलही बघायला सांगा वाचकांना.